इंजिनाचं पहिलं मिनिट

जेट इंजिन सगळ्यात जास्त केव्हा तापतं, असं आमच्या सौंसरात कुणालाही विचारलं तर तो म्हणेल, विमान उडताना. खरंच आहे. उड्डाणाच्या वेळी इंजिन पूर्ण ताकदीवर असतं आणि टर्बाइनमधला वायू तेव्हाच सर्वांत गरम असतो. पण माझा सगळा जन्म इंजिनांपाशी गेला, आधी वायुसेनेत इंजिन फिटर म्हणून आणि मग नागपूरला प्रवासी विमानांच्या देखभालीत. आणि आम्ही ज्या वेळी डोळ्यांची पापणी न लववता तापमानाच्या आकड्याकडे बघायचो ती वेळ उड्डाणाची नसायची. ती स्टार्टची असायची. विमान जागेवर उभं आहे, चाकांना चॉक लावलेले आहेत, प्रवासी अजून पट्टे बांधतायत आणि इंजिन शून्यातून उठतंय. इंजिन खराब व्हायचं असेल तर ते या पाऊण-एक मिनिटात होऊ शकतं.

हे लिहायला कारण झालं ते शेजारच्या वहिनींचं. मे महिन्यात त्या लेकाकडे पुण्याला निघाल्या होत्या. सौंसरहून नागपूर म्हणजे दीड-दोन तासांचा रस्ता, त्या वेळेवर पोचल्या, विमानात बसल्या, विमान मागं ढकललं गेलं आणि पुन्हा होतं तिथंच आणून लावलं. सगळ्यांना उतरवलं. तांत्रिक कारण, एवढंच सांगितलं. परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, कोणी म्हणे इंजन सुरूच नाही झालं, कोणी म्हणे गरम झालं. जे सुरूच नाही झालं ते गरम कसं होईन?"

इतका नेमका प्रश्न मला शिकाऊ पोरांनीसुद्धा क्वचित विचारला. त्याचं उत्तर नीट द्यायचं तर थोडं इंजिनाच्या आत जावं लागतं.

जेट इंजिनात पुढं कॉम्प्रेसर असतो, मध्ये ज्वलनकक्ष आणि मागं टर्बाइन. कॉम्प्रेसर हवा आत ओढून दाबतो, ज्वलनकक्षात त्या हवेत इंधन फवारून जाळतात, तापून फुगलेला वायू टर्बाइनची पाती फिरवत मागं निघून जातो. टर्बाइन आणि कॉम्प्रेसर एकाच शाफ्टवर बसवलेले असतात, म्हणजे मागचा फिरला की पुढचा फिरतो आणि हवा येत राहते. एकदा चालू झालं की हे चक्र आपलं आपण चालतं. अडचण एवढीच, की ते पहिल्यांदा कुणीतरी फिरवून द्यावं लागतं. मोठ्या विमानांत हे काम स्टार्टर करतो, आणि स्टार्टर बहुधा दाबाखालच्या हवेवर फिरतो. ती हवा येते शेपटीतल्या लहानशा टर्बाइनमधून. त्याला एपीयू म्हणतात. विमान उभं असताना मागून जी शिट्टीसारखी घरघर ऐकू येते, ती त्याचीच.

आता बोइंग ७३७-८०० वरचं सीएफएम५६ इंजिन घेऊ. नागपूरच्या विमानतळावर मी ज्यांचे सर्वांत जास्त स्टार्ट पाहिले त्यांतलं हे एक. वैमानिक स्टार्टरला हवा देतो आणि इंजिनाच्या गाभ्याचा शाफ्ट, ज्याच्या वेगाला आम्ही एन-टू म्हणतो, फिरायला लागतो. पाच टक्के, दहा, पंधरा. अजून इंधनाचा थेंब गेलेला नाही. एन-टू पंचवीस टक्क्यांच्या आसपास आला की वैमानिक इंधनाचा लिव्हर वर करतो, त्याबरोबर ज्वलनकक्षात ठिणगी पडायला लागते, आणि काही सेकंदांत इंधन पेटतं. त्या क्षणापासून पडद्यावर ईजीटीचा, म्हणजे इंजिनातून मागं जाणाऱ्या वायूच्या तापमानाचा, आकडा भराभर चढतो. तीनशे, चारशे, पाचशे. तो एका ठिकाणी टेकतो आणि उतरतो. एन-टू छप्पन्न टक्क्यांच्या जवळ आला की स्टार्टर सुटतो आणि इंजिन स्वतःच्या बळावर आयडल गतीला जातं. या इंजिनाला स्टार्टच्या वेळी ७२५ अंश सेल्सिअसची मर्यादा आहे. उड्डाणाच्या वेळी हेच इंजिन ९५० अंशांपर्यंत जाऊ शकतं. तेच इंजिन, तीच धातूची पाती, मग स्टार्टला सव्वादोनशे अंश कमी का? वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर या फरकात आहे.

लोहारानं भात्यातून हवा जास्त सोडली की भट्टी लालभडक होते, म्हणून आपल्याला वाटतं की हवा म्हणजे आगीला खाद्य. जेट इंजिनात हवेचं मोठं काम याच्या उलट आहे. इंजिनाच्या गाभ्यातून जी हवा जाते तिच्यातला साधारण चौथा हिस्साच जळण्याच्या कामी येतो. बाकीची हवा आगीच्या भोवतीनं फिरते, ज्वाळेला भिंतींपासून दूर धरते आणि पुढं तिच्यात मिसळून तिला टर्बाइनला सोसेल इतकी थंड करते. ज्वाळेच्या गाभ्यात तापमान दोन हजार अंशांच्या घरात असतं, आणि टर्बाइनची पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात तो तेराशेच्या आसपास वितळायला लागतो. पाती टिकतात ती त्यांच्या आतून खेळवलेल्या हवेमुळं. सर्वांत गरम रांगांतल्या पात्यांना बारीक भोकं असतात, त्यांतून कॉम्प्रेसरची हवा निघते आणि पात्याच्या अंगावर पातळ थर धरून राहते. मी पहिल्यांदा असं पातं तळहातावर घेतलं तेव्हा ती भोकं दिव्यासमोर धरूनच दिसली होती.

पूर्ण वेगात ही हवा भरपूर असते. स्टार्टच्या वेळी कॉम्प्रेसर अजून रांगत असतो, हवा थोडी, तिचा दाब थोडा, पात्यांच्या आतून जाणारा थंड प्रवाह नावापुरता. आग मात्र पेटलेली. म्हणून मर्यादा खाली ओढलेली असते. आणि म्हणून जे इंजिन नीट सुरू होत नाही तेच भाजून निघतं. वेग वाढत नाही म्हणून हवा वाढत नाही, हवा वाढत नाही म्हणून तापमान वाढतं. एवढ्यावर ते थांबलं असतं तरी बरं. तापलेला वायू फुगतो, त्याला मागून निघायला वाट अपुरी पडते, तो कॉम्प्रेसरला उलटा दाब देतो, कॉम्प्रेसर गुदमरतो आणि हवा आणखी कमी होते. हे चक्र एकदा लागलं की आकडा सेकंदाला कितीतरी अंशांनी धावतो. याला आमच्यात हॉट स्टार्ट म्हणतात. वेग मध्येच अडकून राहिला तर तो हंग स्टार्ट, पण बहुतेक वेळा हंग स्टार्टच्या पाठोपाठ हॉट स्टार्ट उभाच असतो.

तर मूळ कारण एकच, आगीच्या मानानं हवा कमी. ती कमी का पडली याची कारणं मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यांतलं पहिलं म्हणजे स्टार्टरची ताकद. इंधन पेटल्यावर लगेच इंजिन स्वतःला ओढू शकत नाही. जवळजवळ अर्ध्या वेगापर्यंत टर्बाइन आणि स्टार्टर दोघांनी मिळून शाफ्ट ओढायचा असतो. एपीयू थकलेला असेल, हवेच्या डक्टला कुठं गळती असेल, व्हॉल्व्ह अर्धाच उघडला असेल, किंवा स्टार्टर वेळेआधी सुटला, तर टर्बाइन एकटा पडतो. हेलिकॉप्टरांत आणि लहान टर्बोप्रॉप विमानांत स्टार्टर बहुधा विजेवर चालतो. तिथं कमजोर बॅटरी म्हणजे हॉट स्टार्टला आमंत्रण. बॅटरीचं व्होल्टेज न बघता स्टार्टरचं बटन दाबू नये, हे त्या विमानांवर काम करणारा पहिल्याच आठवड्यात शिकतो.

दुसरं कारण आमच्या ओळखीचं आहे. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसच्या वर जातं. इकडं सौंसर, पांढुर्णा, लोधीखेड्याच्या संत्र्याच्या बागांत दुपारी कोणी पाऊल टाकत नाही. तापलेली हवा पातळ असते. इंजिनांचे आकडे ज्या १५ अंशांच्या प्रमाण हवेवर काढतात तिच्यापेक्षा ४५ अंशांच्या हवेचं वजन तेवढ्याच जागेत जवळपास दहा टक्क्यांनी कमी भरतं. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर आहे, त्यानं आणखी थोडी घट. आणि ही घट दोन ठिकाणी लागते: इंजिनाला हवा कमी मिळते आणि एपीयूलाही तीच पातळ हवा प्यावी लागते, म्हणून तो स्टार्टरला कमी रेटा देतो. डिसेंबरच्या सकाळी जे इंजिन पाचशेच्या आसपास टेकून उतरतं तेच मेच्या दुपारी सहाशेच्या पुढं जाताना मी पाहिलेलं आहे, आणि त्यात दोष काहीच नव्हता. पण मर्यादेपर्यंतचं अंतर कमी होतं. थोडी गळती, थोडा थकवा, जे हिवाळ्यात झाकून जातं ते उन्हाळ्यात उघडं पडतं. लेहला त्रास वेगळा: तिथला विमानतळ तीन हजार दोनशे मीटरच्या वर, हवा थंड असली तरी तिचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच उरतो.

वाऱ्याची दिशाही बघावी लागते. मागून जोराचा वारा असेल तर तो टर्बाइनच्या बाजूनं आत शिरतो, पुढच्या मोठ्या पंख्याला उलटं फिरवतो आणि इंजिनातून निघालेला गरम वायू परत पुढं आणून सोडतो. नागपूरला उन्हाळ्यातल्या दुपारचा कोरडा वारा बहुधा पश्चिमेकडून. देखभालीनंतर इंजिन चालवून पाहायचं असेल तेव्हा आम्ही विमानाचं तोंड वाऱ्याकडं करूनच उभं करायचो, मग ट्रॅक्टरवाला कितीही कुरकुरो.

इंजिन नुकतंच बंद करून पुन्हा चालू करायचं असेल तर आत साठलेली उष्णता आधीच असते. आकडा बाहेरच्या हवेच्या तापमानापासून चढत नाही, शंभर-दीडशेपासून चढतो. अशा वेळी इंधन न देता नुसतं स्टार्टरवर फिरवून आतलं तापमान खाली आणायचं. यातलीच एक गोष्ट आज हजारो प्रवासी बघतात आणि वैतागतात. इंडिगोकडं मार्च २०१६ मध्ये पहिलं एअरबस ए३२०निओ आलं, त्याला प्रॅट अँड व्हिटनीचं नवं इंजिन होतं. इंजिन बंद झाल्यावर आतली गरम हवा वर चढते, खालची बाजू आधी निवते, वरची गरमच राहते आणि शाफ्ट अगदी किंचित बाक धरतो. त्या अवस्थेत जोरात फिरवला तर पाती आवरणाला घासतील. म्हणून इंजिन आधी इंधनाशिवाय फिरवत ठेवावं लागतं, शाफ्ट सगळीकडून सारखा निवेपर्यंत. सुरुवातीच्या महिन्यांत हा वेळ इतका लागायचा, की कतार एअरवेजनं त्यावरून आपली विमानं घ्यायला नकार दिला आणि पहिलं निओ लुफ्थान्साकडं गेलं. पुढं हा वेळ बराच कमी झाला. तरीही पंखा फिरतोय आणि इंजिन काही पेटत नाही, असं खिडकीतून दिसलं तर समजावं, आत निववणं चाललं आहे.

मग येतं सांडलेलं इंधन. एखादा स्टार्ट फसला, इंधन गेलं पण पेटलं नाही, तर ते आत तळाशी साठतं. दुसऱ्या खेपेला ठिणगी पडली की नवं आणि जुनं दोन्ही एकदम पेटतं. या धोक्याचं वय जेट इंजिनाएवढंच आहे. १२ एप्रिल १९३७ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी गावात फ्रँक व्हिटलनं आपलं जेट इंजिन पहिल्यांदा चालवलं. ते पेटलं आणि वेग घेत सुटलं. व्हिटलनं इंधनाचा व्हॉल्व्ह बंद केला, तरी वेग वाढतच राहिला. आजूबाजूची माणसं पळाली, तो एकटा तिथं उभा राहिला. झालं होतं असं, की आत आधीच इंधन गळून साठलेलं होतं, आणि ते संपेपर्यंत इंजिन कुणाचंच ऐकणार नव्हतं. आज प्रत्येक इंजिनाला तळाशी ड्रेन असतात, आणि फसलेल्या स्टार्टनंतर इंजिन कोरडं फिरवून आतलं सगळं इंधन बाहेर फुंकल्याशिवाय दुसरा प्रयत्न करायचा नाही, हा नियम सगळीकडं आहे. तो मोडला तर कधीकधी मागच्या नळीतून ज्वाळा निघते. विमानाची आगीची घंटा तेव्हा वाजत नाही, कारण तिचे सेन्सर इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला बसवलेले असतात आणि ही आग आतल्या वाटेत असते. ती दिसते ती खाली हेडसेट लावून उभ्या असलेल्या माणसाला. त्यानं वैमानिकाला सांगायचं आणि वैमानिकानं इंधन तोडून स्टार्टर चालूच ठेवायचा.

बाकीची कारणं थोडक्यात. इंधन मोजून देणारं यंत्र जास्त सोडत असेल. फवारणी करणारे नोझल काजळीनं बुजून एकाच बाजूला धार मारत असतील. कमी वेगात कॉम्प्रेसरचा श्वास मोकळा ठेवण्यासाठी वळणारी पाती आणि उघडणारे व्हॉल्व्ह अडकले असतील. धुळीचं मात्र मी वेगळं सांगेन. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भुकटी होऊन उडते, कॉम्प्रेसरच्या पात्यांवर बसते, त्यांचा घाट बिघडवते आणि हवा कमी दाबली जाते. इंजिन पाण्यानं धुतल्यावर तेच इंजिन त्याच कामाला कमी तापतं, हे आकड्यात दिसतं.

सीएफएमसारख्या इंजिनांत आता संगणक स्वतः लक्ष ठेवतो. तापमान वेड्यासारखं चढलं की आकड्याची चौकट लुकलुकते, मर्यादा ओलांडली तर संगणक जमिनीवर स्वतःच इंधन तोडतो. तरी माणसाचा हात लिव्हरवर असतोच. आणि तोडल्यावर स्टार्टर बंद करायचा नाही. नवशिका माणूस घाबरून सगळंच बंद करतो. मग आतली उष्णता आत कोंडते आणि पात्यांना उलट जास्त भाजते. इंधन तोडा, हवा चालू ठेवा. वायुसेनेत हे आमच्या अंगात इतकं मुरवलं होतं, की आजही कुणी स्टार्ट म्हटलं की माझा अंगठा आपोआप हलतो.

वहिनींच्या विमानात नेमकं काय झालं ते मला माहीत नाही. माझ्या नोकरीतला एक प्रसंग मात्र सांगतो. मेची दुपार होती. एका ७३७ चा एपीयू बंद होता, म्हणून बाहेरून हवेची गाडी लावली होती, जाड होज विमानाच्या पोटाखाली जोडलेला. मी खाली हेडसेटवर होतो. एन-टू एकवीसवर जाऊन थांबला. हाच त्या हवेचा कमाल वेग धरून वैमानिकानं इंधन दिलं. नियमात ते बसत होतं. इंजिन पेटलं, पण पंखा ज्या चढत्या सुरात उठतो तो सूर येईना. एक लांब, खर्ज आवाज तिथंच रेंगाळला. पायांजवळ मला सतत फुस्स ऐकू येत होतं. मी म्हणालो, "सर, होजपाशी हवा गळतेय." त्याच वेळी वरून शब्द आला, "कटऑफ." आकडा ७३५ ला जाऊन उतरला. स्टार्टर चालू ठेवून इंजिन निववलं. कॅप्टननं दुसऱ्यांदा प्रयत्न करून पाहू का म्हणून विचारलं आणि आमच्या वरिष्ठांनी एका शब्दात नाही म्हटलं. प्रवासी उतरले, आमच्याकडं बघत बघत गेले. त्यांचा राग मला कळत होता. पण त्या दोन शब्दांमुळं, कटऑफ आणि नाही, एक इंजिन वाचलं होतं, आणि त्याचं मोल त्या माणसांना कुणी सांगणार नव्हतं.

मर्यादा ओलांडली की लॉगबुकात दोन गोष्टी लिहाव्या लागतात, तापमान किती गेलं आणि किती सेकंद राहिलं. या दोन आकड्यांवरून ठरतं की नुसतं तपासायचं की इंजिन उतरवायचं. पडद्यावरचा आकडा टर्बाइनच्या पहिल्या पात्यांच्या मागं मोजलेला असतो, खुद्द त्या पात्यांपुढचा वायू त्याहून शेकडो अंशांनी गरम असतो. म्हणून दहा अंश जास्त म्हणजे दहाच अंश असं कोणी धरत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी हँगरमध्ये त्या इंजिनाला बोरोस्कोप लावला. करंगळीहून बारीक नळी, टोकाला दिवा आणि कॅमेरा, ती इंजिनाच्या अंगावरच्या छोट्या भोकातून आत सरकवायची. एकानं गिअरबॉक्सकडून शाफ्ट हातानं हळूहळू फिरवायचा, दुसऱ्यानं पडद्यावर एकेक पातं येताना बघायचं. आम्ही आधी ज्वलनकक्षाच्या भिंती पाहिल्या, मग पहिल्या रांगेतली स्थिर पाती, कारण सर्वांत गरम झोत त्यांच्यावर आदळतो. त्यांच्या मागच्या कडा बघायच्या, जळून पातळ झाल्यात का. रंग बदललाय का. लेप उडालाय का. मग फिरणारी पाती, टोकापासून बुडख्यापर्यंत. फिरवणारा मुलगा घामानं निथळत होता, आणि पहिलं पातं पुन्हा पडद्यावर येईपर्यंत आम्ही कुणी बोललो नाही. दोन स्थिर पात्यांवर जुने, नोंदलेले केसासारखे तडे होते, ते वाढलेले नव्हते. नवीन काही नव्हतं.

होजच्या तोंडातलं रबरी सील एका बाजूनं फाटलेलं निघालं. दुसरी गाडी मागवली, अंधार पडल्यावर हवा थोडी निवली तेव्हा विमानाचं तोंड वाऱ्याकडं करून पुन्हा स्टार्ट घेतला. एन-टू या वेळी पंचवीसच्या पुढं गेला, मग इंधन दिलं. आकडा ५६० वर टेकला आणि उतरला. वरिष्ठांनी लॉगबुकात सही केली, विमान सकाळच्या फेरीला लावलं, आणि आम्ही त्या रात्री गोदामातल्या सगळ्या होजांची सीलं काढून तपासायला बसलो.